साठ टक्क्यांची कात्री

विमा कंपनीचं फायनल अप्रूव्हल दुपारी २ वाजून ५० मिनिटांनी आलं. बिल २,७१,००० चं, मंजुरी १,४३,१०० ची. खाली शेऱ्यात एकच ओळ: ‘रूम रेंट पात्रतेनुसार प्रमाणशीर कपात, १० टक्के को-पे, नॉन-पेएबल ६,०००.’ को-पे म्हणजे मान्य रकमेतला पेशंटचा ठरलेला वाटा, नॉन-पेएबल म्हणजे विम्यात न बसणाऱ्या बाबी. एकूण पेशंटने भरायचे १,२७,९००.

पुण्यातल्या दीडशे खाटांच्या रुग्णालयात मी इन्शुरन्स डेस्कला बसते. असं पत्र आठवड्यातून दोनदा तरी येतं. नातेवाईक चिडतात, आम्ही ‘कंपनीचा नियम आहे’ म्हणतो, ते कुठून तरी पैसे उभे करतात आणि खाट मोकळी होते. या पत्राचं तसं झालं नाही. कारण काचेपलीकडे उभ्या मुलाने आरडाओरडा केला नाही, नुसतं गणित विचारलं. “मॅडम, रूम पाच हजारांची घेतली, पॉलिसीत तीन हजार बसतात. चार दिवसांचे वरचे आठ हजार आम्ही भरणारच होतो. पण आठ हजारांचे सव्वा लाख कसे होतात?”

पेशंट त्याची आई, फलटणकडच्या, वय ६४. उजव्या गुडघ्याचं सांधेबदल. पॉलिसी ३ लाखांची, २०१८ पासून एकही खंड न पडता चालू. रूम रेंटची मर्यादा विमारकमेच्या १ टक्का म्हणजे दिवसाला ३,०००. आयसीयूला २ टक्के म्हणजे ६,०००. साठीपुढच्यांना १० टक्के को-पे. प्री-ऑथच्या, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीच्या, वेळी कंपनीकडून एक क्वेरी आली होती, ‘रक्तदाबाचा त्रास केव्हापासून?’ ती फारशी ताणली गेली नाही. सलग ६० महिने पॉलिसी चालली की सिद्ध झालेली फसवणूक सोडता जुना आजार लपवल्याच्या कारणावर कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. २०२४ पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती. विमारकम मध्ये वाढवली असेल तर वाढीव भागाचे ६० महिने वाढवल्या तारखेपासून मोजतात, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं. इथे रक्कम पहिल्यापासून ३ लाखच होती, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

सिंगल रूम घेतली कारण आईला खाली बसता येत नव्हतं, कमोड हवा होता, आणि रात्री सोबतीला सुनेला झोपायला जागा हवी होती. चैन म्हणून नव्हे. दाखल होताना फॉर्मवर मुलाची सही आमच्याच डेस्कने घेतलेली: ‘पात्रतेपेक्षा वरच्या वर्गाची खोली घेतल्यास होणारा फरक मी भरेन.’ फरक म्हणजे कशाचा, ते त्या ओळीत नाही. फॉर्मच्या मागच्या पानावर अकराव्या क्रमांकाला, करड्या शाईत, ‘विमा कंपनीने अमान्य केलेली कोणतीही रक्कम’ असं आहे. विमा कंपन्यांच्या बारीक अक्षरांबद्दल आपण बोलतो, पण रुग्णालयाचं अक्षरही काही मोठं नसतं.

आता बिल. सगळे आकडे देते, कारण भांडण आकड्यांतच होतं. खोली ४ दिवस, २०,०००. आयसीयू एक रात्र, ६,०००. सर्जन ५०,०००, भूलतज्ज्ञ १५,०००, ओटी (ऑपरेशन थिएटर) २५,०००, डॉक्टर व्हिजिट १०,०००. इम्प्लांट, म्हणजे बसवलेला कृत्रिम सांधा, ७५,०००. औषधं आणि कन्झ्युमेबल्स (एकदा वापरून टाकायच्या वस्तू) ४२,०००. तपासण्या, म्हणजे रक्त, एक्स-रे, ईसीजी, इको, १८,०००. फिजिओथेरपी ४,०००. उरलेले ६,००० किरकोळ. एकूण २,७१,०००.

कंपनीने काय केलं ते उलट्या बाजूने सोडवायला दोन मिनिटं लागली. किरकोळचे ६,००० काढले, राहिले २,६५,०००. पात्र खोली ३,०००, घेतलेली खोली ५,०००, म्हणजे ६० टक्के. उरलेल्या सगळ्या बिलाला ६० टक्के लावले: १,५९,०००. त्यातून १० टक्के को-पे: १,४३,१००. पैशापर्यंत जुळलं. बिलात कशाची काय जात आहे ते बघितलंच नव्हतं, एका कात्रीने आडवं कापून टाकलं होतं. अगदी आयसीयूसुद्धा, जो मर्यादेत होता, त्याचेही ३,६०० च धरलेले.

ही कात्री मुळात का आहे ते मुलाला आधी सांगितलं, कारण ते न सांगता ‘कंपनी लुटते’ म्हणणं सोपं असतं. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत खोलीच्या वर्गाप्रमाणे बाकीचे दरही बदलतात. तेच ऑपरेशन, तोच सर्जन, पण जनरल वॉर्डला एक फी, ट्विन शेअरिंगला दुसरी, सिंगलला तिसरी. खोली वर चढली की तिच्यामागे फीसुद्धा वर चढते. कंपनीने हप्ता ठरवताना ३,००० च्या खोलीचा खर्च धरलेला असतो, म्हणून ती म्हणते, चढलेल्या फीचा भार माझ्यावर नको. इथवर मला ते रास्त वाटतं. पण इम्प्लांट सिंगल रूममध्ये महाग होत नाही. पॅरासिटामॉलच्या सलाइनला पेशंट कुठल्या खोलीत आहे ते कळत नाही. एक्स-रेचा दर आमच्याकडे सगळ्यांना एकच. जे खोलीबरोबर चढलंच नाही ते खोलीच्या प्रमाणात कापायचं कशासाठी?

मुलाने पिशवीतून पॉलिसी काढली. प्लास्टिकच्या कव्हरात नीट ठेवलेली २०१८ ची पुस्तिका. त्यात रूम रेंटच्या कलमाखाली लिहिलेलं होतं, की मर्यादेपेक्षा जास्त दराची खोली घेतल्यास ‘इतर सर्व खर्च त्याच प्रमाणात देय राहतील’. ‘सर्व.’ हे वाचून तो खचला. बहुतेक जण इथेच हरतात. छापील पानावर आहे, आपली सही आहे, संपलं.

पण २०१८ चं ते पुस्तक आता लागूच नव्हतं. आरोग्य विमा दर वर्षी नव्याने होतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी जी वर्डिंग, म्हणजे पॉलिसीचा पूर्ण मजकूर, चालू असेल ती लागू. कंपनी घरी पाठवते ते दोन-तीन पानांचं शेड्यूल. चाळीस पानांची वर्डिंग वेबसाइटवर असते, आणि कपाटात मात्र पहिल्या वर्षीचीच पुस्तिका राहते. शेड्यूलवर कोपऱ्यात यूआयएन नावाचा लांबलचक क्रमांक छापलेला असतो. ती योजनेची ओळख, आणि शेवटी व्ही ०१, व्ही ०२ असं असतं ती आवृत्ती. कंपनीच्या साइटवर एकाच नावाच्या तीन-तीन पीडीएफ सापडतात. यूआयएन शेवटच्या अक्षरापर्यंत जुळेल तीच आपली. मुलाच्या मोबाइलवर चालू वर्षाचं शेड्यूल होतं. आवृत्ती बदललेली होती.

आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, जून २०२० मध्ये या कलमाला लगाम घातला. नव्या योजनांना १ ऑक्टोबर २०२० पासून, जुन्या योजनांना १ एप्रिल २०२१ पासून. प्रमाणशीर कपात फक्त ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’वर, म्हणजे खोलीशी निगडित वैद्यकीय खर्चावर. हा शब्द कंपनीने आपल्या वर्डिंगमध्ये व्याख्येसह द्यायचा, आणि त्या व्याख्येत तीन गोष्टी येऊ द्यायच्या नाहीत: औषधं व कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट व वैद्यकीय उपकरणं, आणि तपासण्या. आयसीयूच्या खर्चावर प्रमाणशीर कपात नाहीच. आणि शेवटचं, ज्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही: ज्या रुग्णालयात खोलीच्या वर्गाप्रमाणे दर बदलत नाहीत तिथे, किंवा ज्या खर्चाचा दर वर्गाप्रमाणे बदलत नाही त्या खर्चावर, ही कपात लावता येत नाही.

नव्या पीडीएफमध्ये हे सगळं होतं. कुठे? रूम रेंटच्या कलमात नव्हे. तिथे फक्त ‘निगडित वैद्यकीय खर्च प्रमाणात देय’ एवढंच. खरा मजकूर आठ पानं मागे, व्याख्यांच्या यादीत, ‘अपघात’ आणि ‘आयुष रुग्णालय’ यांच्या शेजारी, इंग्रजी वर्णक्रमाने बसलेला. लोक पॉलिसी वाचतात तेव्हा थेट ‘काय मिळणार नाही’ या पानावर जातात. व्याख्या म्हणजे शब्दकोश समजून ओलांडतात. या धंद्यात पैसे व्याख्यांत असतात. ‘हॉस्पिटल’ म्हणजे किती खाटांचं, ‘डे केअर’ म्हणजे काय, ‘रूम रेंट’मध्ये काय काय, सगळं तिथेच ठरतं.

त्याच पानावरचं आणखी एक उदाहरण सांगते, कारण ते रोज चावतं. काही पॉलिसींत मर्यादा ‘रूम रेंट’ला असते, काहींत ‘रूम, बोर्डिंग आणि नर्सिंग’ला मिळून. रुग्णालय बिलावर खोली ३,००० आणि नर्सिंग ५०० वेगळं दाखवतं. पेशंट म्हणतो मी मर्यादेत आहे. कंपनी दोन्ही मिळवते, ३,५०० करते, आणि प्रमाण ८५.७ टक्क्यांवर येतं. मग पाचशे रुपयांच्या नर्सिंगपायी सर्जनच्या फीचा सातवा हिस्सा जातो. या कुटुंबाच्या पॉलिसीत मर्यादा मिळूनच होती. आमच्याकडे नर्सिंग खोलीच्या दरात धरलेलं असतं, म्हणून त्यात ते अडकले नाहीत.

मग नव्याने मांडलं. खोली ४ दिवस ३,००० प्रमाणे १२,०००. आयसीयू पूर्ण ६,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, व्हिजिट आणि फिजिओ मिळून १,०४,०००, त्याचे ६० टक्के ६२,४००. इम्प्लांट ७५,०००, औषधं ४२,०००, तपासण्या १८,००० पूर्ण. बेरीज २,१५,४००. को-पे वजा जाता १,९३,८६०. कंपनीच्या आकड्यापेक्षा ५०,७६० जास्त.

को-पे सगळ्यात शेवटी लावायचा असतो, हेही तपासून घ्यावं. आधी अमान्य बाबी, मग खोलीची कपात, मग उरलेल्यावर टक्केवारी. एकदा को-पे पूर्ण बिलावर काढून पेशंटला अमान्य बाबींवरही १० टक्के मोजायला लावलेले मी पाहिले आहेत. रक्कम लहान असते म्हणून कुणी बघत नाही.

ई-मेल लिहायला बसले आणि आमचीच चूक समोर आली. आम्ही पाठवलेल्या बिलाच्या सारांशात इम्प्लांट वेगळं नव्हतंच. सर्जन, ओटी, इम्प्लांट आणि ओटीतली औषधं हे सगळं ‘ऑपरेशन चार्जेस’ या एका शीर्षकाखाली. टीपीएकडे, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेत, बसलेला मुलगा दिवसाला किती फाइली बघत असेल. त्याच्या स्क्रीनवर शीर्षकं येतात, आतल्या ओळी नाहीत. शीर्षकात इम्प्लांट दिसलं नाही तर तो त्याला सूट कुठून देणार? अर्थात औषधं आणि तपासण्या वेगळ्या दिसत असूनही कापल्या होत्या, तेव्हा दोष एकट्या आमचा नव्हता. पण निम्मी वाट आम्हीच मोकळी करून दिली होती.

म्हणून बिलिंगकडून तपशीलवार बिल पुन्हा काढलं, शीर्षकं फोडून. इम्प्लांटचं इन्व्हॉइस आणि पेशंटच्या केसपेपरवर चिकटवलेले बारकोड स्टिकर स्कॅन केले. हे स्टिकर नसले की इम्प्लांटची क्वेरी हमखास येते. ई-मेल मोठा नव्हता. आधी क्लेम क्रमांक आणि यूआयएन. मग वर्डिंगचं पान आणि व्याख्येचा क्रमांक, त्यातलं वाक्य जसंच्या तसं. मग दोन रकाने, ‘तुम्ही धरलेलं’ आणि ‘कलमाप्रमाणे’, आणि शेवटी एक मागणी: फेरविचार करून सुधारित मंजुरी द्यावी, कपात कायम ठेवायची असल्यास प्रत्येक बाबीपुढे कलम क्रमांक लिहावा. ही शेवटची ओळ सगळ्यात जास्त काम करते. ‘अन्याय झाला’ असं लिहिलं की उत्तरात खेद मिळतो. कलम विचारलं की कुणाला तरी पीडीएफ उघडावी लागते.

वेळेचाही प्रश्न होता. डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची, उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाचं भाडं वाढलं तर तो खर्च कंपनीचा, असं आयआरडीएआयचं २९ मे २०२४ चं परिपत्रक सांगतं. आमचं बिल १२.१५ ला गेलं होतं, मंजुरी २.५० ला आली. म्हणजे ते वेळेत होते. पण फेरविचाराला हे घड्याळ लागू असल्याचं कुठे लिहिलेलं नाही. खोली संध्याकाळी सातनंतर धरली तर आणखी एक दिवस, म्हणजे पाच हजार. मी अ‍ॅडमिनला वर जाऊन सांगितलं की चूक आपल्या सारांशात आहे, रात्रीचं भाडं लावू नका. त्यांनी मान्य केलं, फार खुशीने नाही.

दरम्यान मुलाने फोनवर कुणाशी तरी बोलून घेतलं होतं. “आमचा एजंट म्हणतो सही केली आहे, आता काही होणार नाही.” सहीचं वजन असतंच. कुरिअरच्या पावतीवर सही करून शंभर डॉलरची मर्यादा मान्य केलेल्या कंपनीला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्याहून जास्त दिलं नव्हतं. पण सहीपुढे सगळंच संपतं असंही नाही. लाँड्रीच्या पावतीवर ‘कपडा हरवल्यास किमतीच्या निम्मेच’ छापलेलं मद्रास उच्च न्यायालयाने साठच्या दशकात रद्दबातल ठरवलं, कारण मग नवी साडी निम्म्या किमतीत धोब्यालाच ठेवून घेता आली असती. नोव्हेंबर २०२२ मधलं तळघरातल्या दुकानाचं प्रकरण तर विम्याचंच: पॉलिसीत तळघर वगळलेलं, आणि कंपनीने दुकान बघून तळघरातल्या त्याच दुकानाचा हप्ता घेतलेला. सर्वोच्च न्यायालयाने ते वगळणारं कलम कंपनीला वापरू दिलं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तर ‘अनुचित करार’ अशी वेगळी व्याख्याच आहे. मात्र कलमच अनुचित ठरवून हवं असेल तर ती दाद जिल्हा आयोगात मिळत नाही, राज्य आयोगापासून पुढे जावं लागतं.

पण हे सगळं त्या संध्याकाळी मुलाला सांगण्यात अर्थ नव्हता. त्याच्या बाजूने कायदा उभा करायची गरजच नव्हती. कंपनीचाच कागद त्याच्या बाजूने होता. कलमाविरुद्ध लढणं आणि कलमाने लढणं यांत वर्षांचा फरक पडतो.

६.४५ ला सुधारित मंजुरी आली, १,९३,८६० ची. आम्ही काढलेलाच आकडा.

तेवढ्यात मी ते किरकोळचे ६,००० बघत होते. त्यात डायपर, क्रेप बँडेज आणि वॉकर होता; या गोष्टी विम्यात बसत नाहीत, पेशंटनेच भरायच्या. पण त्यातच फाइल ओपनिंग, डॉक्युमेंटेशन, आयडी बँड आणि डिस्चार्ज प्रोसेस असे मिळून १,५०० होते. आयआरडीएआयच्या चार याद्या आहेत. पहिलीतल्या ६८ बाबी पेशंटच्या खिशातल्या, जोडकव्हर घेतलं नसेल तर. दुसरीतल्या ३७ खोलीच्या भाड्यात धरलेल्या, तिसरीतल्या २३ शस्त्रक्रियेच्या खर्चात, चौथीतल्या १८ उपचारात. फाइल, बँड, डिस्चार्ज हे दुसऱ्या यादीत. म्हणजे ते खोलीच्या दरात आलेच. वेगळे लावायचेच नाहीत. कंपनीने ते नाकारले आणि आम्ही ते पेशंटकडून घेत होतो. बिलिंगने १,५०० कमी केले. हे आमच्याकडे किती वर्षं चाललं होतं याचा हिशेब त्या दिवशी कुणी काढला नाही.

रात्री पावणेआठला मुलाने ७५,६४० भरले आणि आईला व्हीलचेअरवरून गाडीत बसवलं.

ओटीचा मुद्दा मी जाणूनबुजून पहिल्या ई-मेलमध्ये घातला नव्हता. सगळं एकदम मागितलं की फाइल वरिष्ठांकडे जाते आणि पेशंट खाटेवरच राहतो. पण तो सुटणारा नव्हता. आमच्या दरपत्रकात सर्जन, भूलतज्ज्ञ आणि व्हिजिट यांना वर्गाप्रमाणे रकाने आहेत. ओटी आणि फिजिओथेरपीला एकच दर, सगळ्या वर्गांना. मग त्या २९,००० वर ६० टक्के लावायचे नव्हते. कापलेले ११,६००, को-पे जाऊन १०,४४०. यासाठी दोन कागद लागले: कंपनीशी ठरलेलं, सही-शिक्क्याचं दरपत्रक, आणि लेटरहेडवर ‘या दोन बाबींचे दर खोलीच्या वर्गानुसार बदलत नाहीत’ असं प्रमाणपत्र. ऑपरेशन पॅकेजमध्ये असतं तर हे जमलं नसतं, कारण पॅकेजचा दर वर्गाप्रमाणेच असतो आणि आतली फोड कुणी देत नाही.

तक्रार मुलाने स्वतःच्या नावाने कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवली आणि आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर नोंदवली. त्याला सांगून ठेवलं होतं: महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर पुण्यातच विमा लोकपालांचं कार्यालय आहे, फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे बघतात, आणि कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायचं. तिथवर जायची वेळ आली नाही. एकोणिसाव्या दिवशी पैसे आमच्या खात्यात आले आणि आम्ही त्याला परत केले. पेशंटच्या खिशातून गेलेली शेवटची रक्कम ६५,२००. सुरुवातीला मागितलेले होते १,२७,९००.

तरीही ही रक्कम लहान नाही, आणि ती कलमाप्रमाणेच होती. मी नंतर ट्विन शेअरिंगच्या दराने तेच बिल मांडून पाहिलं. खोली ३,०००, त्यामुळे सर्जन ४०,०००, भूलतज्ज्ञ १२,०००, व्हिजिट ८,०००, बाकी तेच. यादीतल्या खऱ्या अमान्य बाबी आणि को-पे मिळून पेशंटने भरायचे २८,७०० झाले असते. दिवसाला दोन हजारांनी महाग खोलीचे चार दिवसांत साडेछत्तीस हजार जास्त पडले होते.

दाखल करतानाच्या फॉर्मवर आता आम्ही हे गणित त्याच पेशंटच्या आकड्यांनी हाताने लिहून देतो: पात्र खोली, घेतलेली खोली, टक्केवारी, आणि ही टक्केवारी कशाकशाला लागेल. दोन मिनिटं लागतात. अकरावा क्रमांक अजून मागच्या पानावरच आहे. तो बदलायला ट्रस्टची बैठक लागते.

डाव्या गुडघ्याची तारीख डॉक्टर दोन महिन्यांनी देत होते. मी पॉलिसीचं वर्ष बघितलं. ३ लाखांतले २,०४,३०० गेलेले, शिल्लक ९५,७००, आणि डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांची औषधं-फिजिओ त्यातूनच जाणार. नूतनीकरण ऑक्टोबरमध्ये, त्यानंतर विमारकम पुन्हा पूर्ण होते. डॉक्टरांना विचारलं, थांबलं तर चालेल का, चालणार होतं. गेल्या आठवड्यात मुलाचा फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही, थेट प्रश्न. “ताई, ट्विन शेअरिंग तीन हजारांची म्हणता ती नर्सिंग धरून ना? आणि त्या खोलीत कमोड आहे का?”

दोन्हींचं उत्तर हो होतं.